आबांच्या आवाजाची रेघ

१३ फेब्रुवारी २००६, सोमवार

डायरी लिहिणाऱ्यांतला मी नाही. बियाणांच्या दुकानदाराने वाटलेली ही डायरी महिनाभर स्टुडिओत हार्मोनियमखाली टेकू म्हणून पडून होती. आज काढली, कारण डॉक्टरांनी सांगितलेलं मनात ठेवून झोप लागायची नाही.

आबांच्या घशातली गाठ साधी नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी वीस मार्चची तारीख दिली आहे. स्वरयंत्र काढून टाकावं लागेल. श्वास गळ्याला ठेवलेल्या भोकातून घ्यायचा. बोलायचं कसं, असं मी विचारलं तर म्हणाले, पुढे काहीतरी शिकवता येईल. गाण्याचं विचारलं तेव्हा ते कागद चाळायला लागले.

माझे वडील पोपट, म्हणजे आमचे आबा, यांनी चाळीस वर्षं गायन पार्टी चालवली. दिवसा पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी, आणि जयंती आली की जुन्नर-आंबेगावातल्या वस्त्यांवर गाणी. आई, बनाबाई, त्यांच्याबरोबर गायची. पार्टीकडे दोनच माईक, एक ढोलकी-पेटीला, दुसऱ्यावर हे दोघं. मी कायम स्टेजच्या मागे अँप्लिफायरपाशी, त्यामुळे दोघांच्या पाठी तेवढ्या बघितल्या. आई जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर आबा स्टेजवर चढले नाहीत. वारूळवाडीत मी स्टुडिओ टाकला तेव्हा दहादा विनवलं, एक तरी गाणं द्या. नाही म्हणजे नाही.

परतीच्या एसटीत ते खिडकीला डोकं टेकून बसले होते. मंचरला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "येक नवं गानं हाय माज्याकडं. आवाज जायच्या आदी घेशील का?"

घेतो म्हणालो. मग नारायणगाव येईपर्यंत मीच खिडकीबाहेर बघत बसलो.

१९ फेब्रुवारी, रविवार

तालीम झाली. ढोलकीवर जानकूकाका, आबांचे जन्माचे जोडीदार. पेटी मी धरली. गाणं चवदार तळ्याचं आहे. आईच्या माघारी रचलेलं, म्हणजे तिने कधी ऐकलेलंसुद्धा नाही.

ओंजळ भरली तळ्याकाठी,
तहान उतरली सात पिढ्यांची.

'सात पिढ्यांची' दोनदा म्हणायचं. चार कडवी आहेत, आणि प्रत्येक कडव्याचा शेवट असाच दोनदा. शेवटचं कडवं ऐकून माझ्या अंगावर काटा आला:

लेकीनं माझ्या हंडा भरला,
कुणी न पुसली जात तिची.

आवाज बसका झालाय, पण सूर जागेवर आहे. डॉक्टरांनी जास्त ताण देऊ नका म्हणून बजावलंय. म्हणजे माझ्या हातात एकच दिवस.

२६ फेब्रुवारी, रविवार

रेकॉर्डिंग झालं. आज मी फार वैतागलो आणि आता त्याची लाज वाटते आहे.

स्टुडिओ म्हणजे पाइपांच्या दुकानावरचा एक गाळा. भिंतींना माझ्या बायकोने, वैष्णवीने, शिवलेल्या गोधड्या, खाली हायवेवरून टोमॅटोच्या गाड्या. पंखा बंद करून गायचं. आबांना बसायला खुर्ची दिली, ती त्यांनी बाजूला सारली. माईकसमोर मी जमिनीवर चिकटपट्टीची फुली केली होती. हे उभे राहिले फुलीच्या उजव्या अंगाला, वीतभर सरकून. मी आत जाऊन त्यांना मध्ये आणलं. गाणं सुरू झालं की परत उजवीकडे.

त्याहून वाईट म्हणजे 'सात पिढ्यांची' पहिल्यांदा दणदणीत म्हणायचे आणि दुसऱ्यांदा एक पाऊल मागे जाऊन मान डावीकडे वळवायचे. आवाज एकदम लांब. मी तीनदा थांबवलं. सांगितलं, आबा, हे स्टेज नाही, हलायचं नाही, माईकला तोंड द्या. ते हो म्हणाले आणि पुन्हा तेच केलं. चौथ्यांदा मी थांबवलं तेव्हा जानकूकाका ढोलकीवर हात ठेवून म्हणाले, "कपिल, गाऊ दे रं त्यास्नी."

गाऊ दिलं. एका दमात अख्खं गाणं झालं. दुसऱ्या टेकला त्यांना ठसका लागला, रुमालावर रक्त दिसलं, आणि मी सगळं बंद केलं. आता जे आहे ते एवढंच आहे.

रक्त येणाऱ्या माणसावर मी माईकसाठी डाफरलो.

२ मार्च, गुरुवार

लाइट सकाळी सहा तास नव्हती. आली तशी कामाला लागलो.

आबा हलले म्हणून बिघडलं असं नाही, त्यावर इलाज आहे, आणि या पट्ट्यात तो येणारा मी एकटाच असेन. त्याला ऑटोमेशन म्हणतात. स्क्रीनवर आवाजाची पट्टी दिसते आणि तिच्यावर व्हॉल्यूमची एक रेघ. माऊसने रेघेवर ठिपका द्यायचा आणि वर ओढायचा, की कम्प्युटर तेवढ्याच शब्दाला आपोआप आवाज वाढवतो. दुसरा ठिपका देऊन परत खाली आणायचं. मूळ आवाजाला धक्का लागत नाही, हवं तेव्हा ठिपका पुसता येतो. पुण्यातल्या क्लासमध्ये हे शिकायला मला तीन महिने लागले होते, आज पहिल्यांदा खरं उपयोगी पडलं.

पहिल्या कडव्याला चौदा ठिपके दिले. आबांचा मागे गेलेला आवाज धरून पुढे आणला. आता दुसरं 'सात पिढ्यांची' पहिल्याइतकंच ठसठशीत. जरा पोकळ येतं, त्याला उपाय करीन.

६ मार्च, सोमवार

तीन कडवी झाली. प्रत्येक ठिकाणी तोच प्रकार. पाऊल मागे, मान डावीकडे, मग पुढच्या ओळीला बरोब्बर परत जागेवर. दुखण्याने माणूस हलला असता तर इतक्या मापात हलला नसता, असं एकदा वाटून गेलं. पण चाळीस वर्षांची खोड असणार. खोडी मापातच असतात.

वैष्णवीला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, आबा घरातसुद्धा तसंच गुणगुणतात, ओळ म्हणतात आणि थांबतात, मग मान हलवतात, जणू कुणी बरोबर म्हटलं. मी म्हणालो, दम लागत असेल. तव्यावरची भाकरी उलटून तिने मला कोथिंबीर निवडायला दिली.

९ मार्च, गुरुवार

जानकूकाकांना झालेलं ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. पहिलं कडवं संपल्यावर म्हणाले, "पोपटला सारका पुडंच ठिवलाय व्हय?"

मी रेघ दाखवली, ठिपके दाखवले, अगदी मास्तरासारखं समजावलं. ते स्क्रीनकडे बघत राहिले. आताशा असंच करतात का, एवढंच विचारलं. हो म्हणालो. मग म्हणाले, तुला त्यातलं कळतं. चहा अर्धा ठेवून गेले. माझ्या मते आबांचा आवाज ऐकून त्यांना भरून आलं.

१२ मार्च, रविवार

गाणं पुरं झालं. एकूण एकसष्ट ठिपके. आबांच्या आवाजावर कॉम्प्रेसर लावला, म्हणजे लहानमोठं सगळं एका पातळीत बसतं, आणि ठिपक्यांसकट तो आवाज एका फाइलमध्ये पक्का केला.

हार्ड डिस्क गच्च भरली होती. उद्यापासून आणे गावच्या भजनी मंडळाचं काम आहे. चौदा एप्रिलच्या जयंतीला या गाण्याची सीडी वाजवायची आहे, पण सीडी रायटर महिनाभर बिघडलेला. म्हणून आबांचे कच्चे टेक पुसून टाकले, रेघा आणि ठिपक्यांसकट. पक्की फाइल आहेच, आणि ती कच्च्यापेक्षा शंभर पटींनी चांगली आहे.

आबांना विचारलं, ऐकायचं का? म्हणाले, "आता नगं. घरी आल्याव ऐकव. मग माज्याकडं ऐकन्याबिगर काय ऱ्हानार हाय?" हसले. मीही हसलो, आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

१९ मार्च, रविवार

उद्या ऑपरेशन. आबा कॉटवर बसून नर्सबाईंशी गप्पा मारत होते. मला ऐकून घ्यायचं होतं म्हणून मी उगाच काहीबाही विचारत राहिलो. कालव्याला पाणी कधी सुटतं, विहिरीची मोटर कुणी बसवली होती. त्यांना कळलं. त्यांनीही सगळं सविस्तर सांगितलं.

निघताना म्हणाले, "वैष्णवीला जप. कपिल, तू चिडतोस फार."

२० मार्च

झालं. गाठ सगळी निघाली. आबांनी डोळे उघडले, ओठ हलवले, आणि आवाज आला नाही.

२ एप्रिल, रविवार

काल घरी आणलं. गळ्याला नळी, तिच्यावर ओलं फडकं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून वैष्णवीने बाजारातून पाटी आणि पेन्सिलींचा पुडा आणला. आबांची शाळा चौथीपर्यंत. पाटीवर ते बोलल्यासारखंच लिहितात. पहिलं लिहिलं, "चा आन."

घर इतकं शांत आहे की मला स्टुडिओतून लवकर यावंसं वाटत नाही. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.

५ एप्रिल, बुधवार

आज गाणं ऐकवलं. दोन्ही स्पीकर घरी आणले, वैष्णवीने आबांच्या पाठीला उशी लावली. मला वाटत होतं आयुष्यात एक काम तरी नीट केलं.

पहिली ओळ आली तसे त्यांचे डोळे चमकले. 'सात पिढ्यांची' झालं. मग दुसरं झालं आणि त्यांनी मान झटकन वर केली. दुसऱ्या कडव्याला बोटाने पाटीवर टकटक केलं. तिसऱ्याला उठले, भिंत धरत धरत गेले आणि बटण बंद केलं. मग कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत.

मला राग आला. सरळ लिहितो, राग आला. मी काय केलं म्हणून ही शिक्षा? मग वाटलं, गेलेला आवाज ऐकवला हीच माझी चूक.

६ एप्रिल, गुरुवार

ती चूक नव्हती.

सकाळी फडकं बदलताना मी म्हणालो, आबा, नसेल ऐकवत तर राहू द्या, जयंतीला सीडी नाही वाजवत. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "माजा आवाज मागं गेल्ता. तू फुडं का आनला?"

मी म्हणालो, तुम्ही माईकपासून हलत होता, म्हणून मी तो भरून काढला.

त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "तितं तुजी आई गाती."

मी पाटी हातात घेऊन उभा राहिलो. वैष्णवी दारात होती. तिने वाचलं आणि पदर तोंडाला लावला.

चाळीस वर्षं एका माईकवर दोघं. ओळ आबांची, आणि तीच ओळ परत म्हणायची ती आईची. हे उजव्या अंगाला, ती डावीकडे. तिची पाळी आली की हे पाऊलभर मागे होणार, तिच्याकडे बघणार, खालच्या आवाजात साथ देणार. मी इतकी वर्षं मागून ऐकत होतो आणि मला एवढं समजलं नाही. हे गाणं आईने कधी ऐकलं नाही म्हणून ती त्यात असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यांनी रचलंच तिला धरून. मी एकसष्ट ठिपके देऊन तिला तिथून हुसकावलं.

७ एप्रिल, शुक्रवार

जानकूकाकांकडे गेलो. त्यांना ठाऊक होतं. "बनाबाईची जागा सोडूनच गात व्हता त्यो. मला वाटलं कम्प्युटरमधी असंच असतंय. तू शिकलेला मानूस, तुला काय सांगावं?"

त्यांच्यावर रागवायला मला तोंड नाही.

स्टुडिओत येऊन पुसलेलं परत मिळवायचा प्रयत्न केला. पुण्याच्या मित्राला फोन केला, त्याने सांगितलेलं सगळं करून बघितलं. भजनी मंडळाने डिस्कचा तो भाग भरून टाकलाय. आबांनी गायलं होतं तसं गाणं आता जगात कुठेच नाही. ते पुन्हा गाऊ शकत नाहीत.

९ एप्रिल, रविवार

पक्क्या फाइलवर नवी रेघ काढून आवाज खाली ओढतोय. हुबेहूब होणार नाही, कॉम्प्रेसरने सगळं एका पातळीत दाबलंय. शिवाय किती खाली? ते किती मागे जात होते हे मला आठवत नाही. त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होतो. दोन दिवसांत चार वेळा केलं आणि चारही वेळा खोटं वाटलं.

११ एप्रिल, मंगळवार

आज आबा स्टुडिओत आले. वैष्णवीने मला काल सुचवलं होतं, तुम्हाला माहीत नाही तर ज्यांना माहीत आहे त्यांना का विचारत नाही? मी विचारलं. आबांनी लगेच चपला घातल्या.

माझ्या खुर्चीत त्यांना बसवलं. ऑटोमेशनला राइट नावाची एक सोय असते. गाणं चालू असताना स्क्रीनवरचा व्हॉल्यूमचा सरकता खटका माऊसने वरखाली केला, की हाताची ती हालचाल कम्प्युटर जशीच्या तशी लिहून ठेवतो. ठिपके द्यायला नकोत. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण हाताने केलेलं वाकडंतिकडं येतं म्हणून मी ते कधी वापरत नसे.

पहिल्या खेपेला माऊस टेबलाच्या कडेवरून निसटला. दुसऱ्या खेपेला आवाज धाडकन खाली गेला. त्यांनी मान हलवली, मी ते पुसलं. तिसऱ्या खेपेला मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि पहिल्या ओळीनंतर काढून घेतला, कारण गरज नव्हती. 'सात पिढ्यांची' आलं. मग दुसरं यायच्या अर्धा क्षण आधी त्यांचा हात खाली आला, हळू. आवाज मागे गेला. मान डावीकडे वळली. तिथे भिंतीवरच्या गोधड्यांखेरीज काही नव्हतं. ओळ संपताना हात वर, आणि पुढच्या ओळीला ते परत आले. स्क्रीनवर रेघ उमटत होती, माझ्या सरळ रेघांसारखी नाही, जरा थरथरती.

तिन्ही कडवी अशी झाली. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. नळीतून त्यांचा श्वास जोरात वाजत होता.

चौथं कडवं आलं. 'लेकीनं माझ्या' या शब्दांवरच त्यांनी खटका अगदी तळाला नेला आणि माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. मला वाटलं हात दुखला. मी माऊस घ्यायला वाकलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. पूर्ण कडवं तसंच गेलं. ढोलकी, पेटी, आणि त्यांचा आवाज कुठेही नाही.

गाणं थांबल्यावर मी म्हणालो, "आबा, हे कडवं तुमचं सगळ्यात चांगलं झालंय. माझ्यासाठी तरी राहू द्या."

त्यांनी पाटी घेतली. पेन्सिल टेकवून लिहिलं.

"हे तिचं हाय. तिला येतं."

आबांना जानकूकाकांबरोबर जीपने घरी पाठवलं आणि मी एकटा मागे राहिलो. तळाला गेलेल्या त्या रेघेवर दोनच ठिपके आहेत, एक सुरुवातीचा आणि एक शेवटचा. ते पुसले की आबांचा आवाज परत येतो. एकदा पुसून ऐकलं. 'कुणी न पुसली जात तिची.' खणखणीत, जवळ, माझ्या कानाशी. असा त्यांचा आवाज मला यापुढे कुठेच मिळायचा नाही. आणखी एकदा ऐकलं.

मग ते दोन ठिपके होते तिथे परत ठेवले, सेव्ह केलं, आणि सीडी रायटर दुरुस्त करून आणायला नारायणगावला निघालो.